रुमालाखालचा हात

१

आतल्या खोलीतल्या गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, ते कोण म्हणून विचारायचं नाही, आणि काही झालं तरी रुमाल उचलायचा नाही. पेढीवरच्या पहिल्याच सकाळी नाथाजी दिवाणजींनी आम्रपालीला हा नियम सांगितला, तोही अशा सुरात, की जणू पाण्याचा माठ कुठं ठेवलाय तेच सांगताहेत.

"का?" आम्रपालीनं विचारलं.

दिवाणजींनी चष्म्यावरून बघितलं. "का म्हंजे?"

"म्हणजे रुमाल का उचलायचा नाही?"

"हितं 'का' चालत न्हाई पोरी. माज्या आदीच्या दिवाणजीनं मला सांगितलं, मी तुला सांगतोय. झालं."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

दिवाणजींनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात ढकलला आणि विषय संपवला. म्हाताऱ्यांची ही तऱ्हा आम्रपालीला घरापासून ठाऊक होती. उत्तर नसलं की ते दात कोरतात, खाकरतात, नाहीतर 'तुला अजून जग बघायचंय' म्हणतात.

तासगावच्या मार्केट यार्डातली ही बेदाण्याची पेढी दादासोंची. दादासोंचा पुतण्या धैर्यशील पुण्याहून कसलासा मॅनेजमेंटचा कोर्स करून आला होता, आणि त्यानं आल्याआल्या तीन गोष्टी केल्या. फॅक्सचं मशीन आणलं, काउंटरला काच बसवली आणि सांगलीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या आम्रपाली होवाळला नोकरीवर घेऊन तिच्या नावाचं कार्ड छापलं: क्लायंट रिलेशनशिप कोऑर्डिनेटर. हमालांनी त्याचं भाषांतर दुपारपर्यंत करून टाकलं. "गिऱ्हाईकवाली ताई आली का रं?" म्हणून ते विचारायचे.

काम तिला आवडलं. शिरवळच्या बिस्किट कारखान्यातले खरेदीवाले साहेब फोनवर ओरडायचे, त्यांना ती ओरडू द्यायची आणि मग शांतपणे विचारायची, "साहेब, नमुना फोडून बघितलात की नुसतं पोतं बघितलं?" पाचगणीच्या जॅमवाल्या बाईंना काडी निघालेली खपत नसे. त्यांचा माल ती स्वतः निवडायच्या शेडमध्ये उभी राहून भरून घ्यायची आणि एस.टी.च्या पार्सलनं पाठवायची. महिन्याभरात गिऱ्हाइकं दादासोंना सोडून 'ती होवाळ मॅडम आहे का' म्हणून विचारू लागली.

तिच्या वडिलांनी, जालिंदरनं, याच यार्डात उभा जन्म हमाली केली होती. याच पेढीच्या पायरीवर त्याला वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यावं लागलं होतं. आता लेक त्याच पेढीत खुर्चीवर बसते, हे त्यानं अख्ख्या वस्तीला सांगून झालं होतं.

आणि मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, हमाल लिंबाखाली आडवे झालेले असताना दिवाणजी तिच्या टेबलापाशी आले. "चल. आतलं गिऱ्हाईक आलंय."

२

रुमालाखालचा सौदा म्हणजे काय, हे आम्रपालीला ऐकून माहीत होतं. यार्डात तेव्हा उघडे लिलाव सुरू झाले होते, सगळ्यांसमोर पुकारा करून. पण जुने व्यापारी अजून कुठं कुठं दोघांच्या हातांवर रुमाल टाकून आत बोटं धरत. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसायचं, दर त्या दोघांच्या पोटात राहायचा.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती. पलीकडच्या टोकाला छतापर्यंत सागवानी फळ्यांचा आडोसा होता, आणि त्या फळ्यांत, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक चौकोनी झरोका. झरोक्यावर हळदीच्या रंगाचा जाडाभरडा रुमाल वरच्या कडेनं खिळ्यांनी ठोकलेला. पुढ्यात एक स्टूल.

"बस. उजवा हात आत घाल. पंजा उघडा ठेवायचा. त्यो बोटं धरंल ती मला सांगायची. मी 'झालं' म्हटलं की हात काढायचा."

"आणि हे तुम्हाला का जमत नाही?"

"ह्या कामाला बाहेरचंच माणूस लागतं," दिवाणजी म्हणाले आणि नजर फिरवून भिंतीकडं बघत राहिले.

आम्रपालीच्या मनात जे आलं ते कुठल्याही शहाण्या मुलीच्या मनात आलं असतं. आत कुणीतरी म्हातारा लंपट बसलाय, पोरींचे हात धरायला सोकावलेला, आणि पेढी त्याची सोय बघते आहे. तिनं ओढणीची सेफ्टी पिन काढली, उघडली आणि डाव्या मुठीत धरली. जरा जरी जास्त केलं तरी टोचायची, नोकरी गेली तर गेली.

मग तिनं हात आत घातला.

पलीकडं कुणीतरी बसल्याजागी सरकल्यासारखा आवाज आला. द्राक्षाच्या वाळक्या काड्या मूठभर घेऊन मोडाव्यात तसा. आणि एका हातानं तिची तर्जनी धरली.

हात लंपट नव्हता, उलट फार रीतीचा होता. वरून सुरकुतलेला, आतून मऊ, बेदाण्यासारखा. एक बोट धरलं, सोडलं. दोन धरली, थांबला, सोडली. एखादा जुना व्यापारी घाई न करता बोलावा तसा. "एक," ती म्हणाली. "दोन." मग सगळा पंजा त्या पंजात गेला. "पाच."

"झालं," दिवाणजी म्हणाले.

तिनं हात बाहेर काढला. पिन वापरावी लागली नव्हती. आपण उगीच भलतंसलतं मनात आणलं, असं वाटून ती थोडी ओशाळली. लाजरं असेल गिऱ्हाईक, किंवा चेहरा भाजलेला असेल, किंवा नुसताच विक्षिप्त. पैसेवाल्यांत विक्षिप्तांना काय तोटा!

बाहेर आल्यावर तिला एक गोष्ट जाणवली. पेढीभर गंधकाच्या धुरीचा आणि बेदाण्याचा आंबटगोड वास होता. तिच्या केसांना होता, जेवणाच्या डब्याला होता, फॅक्सच्या कागदालासुद्धा होता. त्या खोलीत मात्र कसलाच वास नव्हता. आणि त्या हाताला, आता आठवलं, ना गारवा होता ना ऊब.

३

"त्या क्लायंटची फाइल कुठं आहे?" तिनं धैर्यशीलला विचारलं. "नाव, पत्ता, फोन?"

धैर्यशीलनं खुर्ची गर्रकन फिरवली. "अगं, तो लेगसी क्लायंट आहे. आमच्या पणजोबांपासून. राहिलेला सगळा माल उचलतो, काळा पडलेला, दबलेला, पावसानं गेलेला. कधी तक्रार नाही, कधी परतावा नाही. असं रिलेशन मिळायला नशीब लागतं."

"तू त्याला बघितलंयस?"

"बघायची गरज काय आहे?" धैर्यशील हसला, पण हसताना त्यानं दाराकडं बघितलं. पुण्याला जाऊन आलेला पोरगासुद्धा आतून म्हाताराच निघाला, असं आम्रपालीला वाटलं.

दुसरा सौदा झाला तेव्हा उन्हाळा चढला होता. कोल्ड स्टोरेजच्या मशिनची घरघर भिंतीतून दातांपर्यंत यायची. ती स्टुलावर बसली, हात आत घातला, काड्या मोडल्या, हात आला.

या वेळी तो सुरकुतलेला नव्हता.

घट्ट कातडीचा, बारीक हाडाचा, तरुण हात होता. आम्रपालीला वाटलं, मुलगा आला असेल बापाच्या जागी. तिची दोन बोटं त्यानं धरली, आणि धरताना त्याच्या तर्जनीचं बूड तिच्या अंगठ्याला घासलं. तिथं व्रण होता.

आम्रपालीच्याही तर्जनीच्या बुडाशी व्रण होता. लहानपणी दुसऱ्याच्या रानात भांगलताना खुरपं लागलं होतं. टाके कोण घालणार? हळद भरली, चिंधी बांधली. जखम वेडीवाकडी भरली आणि तिच्या टोकाला सापाच्या जिभेसारखे दोन फाटे फुटले.

तिनं अंगठा हळूच पुढं सरकवला. त्या व्रणालाही दोन फाटे होते.

"किती?" दिवाणजींनी विचारलं.

"दोन," ती म्हणाली. आवाज आपला आहे की नाही याची तिला खात्री वाटली नाही.

"झालं."

संध्याकाळभर तिनं स्वतःशी वाद घातला. रानात राबणाऱ्या दर दुसऱ्या हाताला खुरप्याची खूण असते. फाटे तर काय, कुठल्याही नीट न शिवलेल्या जखमेला फुटतात. अंधारात चाचपून माणसाला काय वाट्टेल ते भासतं. वाद ती जिंकली. पण रात्री जेवताना भाकरीचा तुकडा तिच्या बोटांतून दोनदा सुटला, आणि दुसऱ्या दिवशी शिरवळच्या साहेबांच्या पत्रावर सही करताना तिच्या नावातला 'आ' भलताच कुणीतरी लिहिल्यासारखा उमटला. तर्जनीला टाचणी लावून बघितली. टाचणी दिसत होती, लागत नव्हती.

४

निवडायच्या शेडमध्ये बायका रांगेनं बसून बेदाण्यातल्या काड्या वेचत. त्यांत एकटी हरणाबाई डाव्या हातानं वेचायची. आटपाडीकडची, मेंढरं विकून इकडं आलेल्या घरातली. उजवा हात तिचा कायम पदरात. आम्रपालीनं तो रोज बघितला होता आणि कधी बघितला नव्हता.

ती तिच्याशेजारी जाऊन बसली. "मावशी, उजवा हात दुखतोय का?"

हरणाबाईनं मान वर केली नाही. "दुकंल कसा? दुकाय आपला असावा लागतोय."

शेडमधल्या बायकांची बडबड चालू होती. कुणाच्या तरी सुनेवरून हशा पिकला होता. आम्रपालीनं आवाज बारीक केला. "तुम्ही बसत होता आतल्या खोलीत?"

"धा वर्सं का किती बसले. माज्या आदी चंद्राबाई व्हती, येरळेकाठची. ती हात काखंत धरूनच मेली म्हनत्यात." हरणाबाईनं एक काळा मणी उचलून बाजूला टाकला. "तुजं कंचं बोट गेलं?"

आम्रपालीनं तर्जनी दाखवली.

"पयलं त्येच जातंय. मग बाकीची. शेवटच्या सौद्याला पंजा धरला की गेलाच."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? दादासोला? त्येनीच तर बसवलं." आता तिनं मान वर केली. डोळ्यांत रडू नव्हतं, राग होता, जुना आणि वाळलेला. "नवरा म्हनला, नुसतं बसून पगार मिळतोय, काय वाकडं हाय? तू शिकल्याली हायेस म्हून आलीस इचाराय. मी गप ऱ्हायले."

"मावशी, नाही म्हणायची खूण काय असते? रुमालाखाली?"

हरणाबाई थांबली. डावा हात तसाच मण्यांत राहिला. "न्हाई म्हनायची? ती मला कुनी शिकवलीच न्हाई गं."

त्याच वेळी आम्रपालीला तिच्या पदराखालची हालचाल दिसली. कापड हळूच उचललं जात होतं. एक बोट. मग दोन. मग सगळा पंजा मिटल्यासारखा. मग पुन्हा एक. हरणाबाईचं तिकडं लक्षही नव्हतं. ती पुन्हा वेचायला लागली होती, आणि पदराखाली तो हात कुणाशी तरी सौदा करतच होता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्रपाली एकटीच त्या खोलीत गेली. दाराला कुलूप नव्हतं. ज्या खोलीत कुणी जाणारच नाही तिला कुलूप कशाला?

तिनं ठरवलं होतं की जे काय असेल ते मोजून बघायचं. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, देव्हारा नव्हता, आणि आजोबांनी छप्पन्न सालानंतर गळ्यातला ताईत तोडून येरळेत टाकला होता. विचारल्याशिवाय मानायचं नाही, हे तिला बाळकडूत मिळालं होतं.

आधी ती बाहेरून पेढीच्या मागं फिरून आली. मागं कोल्ड स्टोरेजची भिंत पेढीच्या भिंतीला चिकटून होती. दार नाही, बोळ नाही, मांजर जाईल एवढी फट नाही. मग आत येऊन तिनं फळ्यांमधल्या चिरेतून फूटपट्टी सरकवली. पट्टी अर्धीसुद्धा आत गेली नाही. खट्‌कन भिंतीला लागली.

फळ्या आणि भिंत यांच्यामध्ये वीतभरही जागा नव्हती. बेदाण्याची पेटी उभी ठेवायची म्हटली तर मावणार नाही, मग माणूस कुठला?

मशीन घरघरत होतं. झरोक्यावरचा रुमाल सरळ, निश्चल लोंबत होता. उचलावा का? हात पुढं केला, आणि तोच उजवा हात आहे हे लक्षात येऊन मागं घेतला. आधी पट्टी काढू म्हणून तिनं ती डाव्या हातानं ओढली.

पट्टी आली नाही.

पलीकडून ती कुणीतरी धरली होती. ओढत नव्हतं, हिसकत नव्हतं, नुसतं धरून होतं. मग हलकेच सोडली, दर पटला नाही की व्यापारी बोट सोडतो तशी.

आम्रपाली पळाली नाही. खोलीतून चालत बाहेर आली, टेबलाशी बसली, पाचगणीच्या बाईंना फोन लावला आणि काडी निघाल्याबद्दल माफी मागितली. फोन ठेवल्यावर मात्र तिला दिसलं, की रिसीव्हर आपण डाव्या हातानं धरला होता, आणि उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. पंजा उघडा, कुणीतरी धरायची वाट बघत.

६

"डाव्या हातानं का जेवतीस गं?" येसूबाईनं विचारलं. आईच्या नजरेतून काही सुटत नसे.

आम्रपालीनं सगळं सांगितलं. आई ऐकता ऐकता चुलीपुढं बसूनच राहिली. जालिंदर उंबऱ्यात बसला होता. सगळं ऐकून झाल्यावरही तो तंबाखूच मळत राहिला.

"काय बोलत न्हाई आबा तुमी?"

"काय बोलू?" जालिंदर म्हणाला. "आत कायतरी हाय ह्ये सगळ्या यार्डाला ठावं हाय. त्या सौद्याच्या पेट्या आमी उचलायचो तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या असल्यागत हलक्या लागायच्या, सील तसंच. आमी इचारलं न्हाई. इचारून कुनाचं भलं झालंय?"

"आन् मला तिथंच धाडलं?"

"खुर्चीवर धाडलं!" जालिंदरचा आवाज चढला. "मी वझी उचलून उचलून पाठ मोडून घेतली, ती कशापायी? त्या पायरीवर मला पाणी वरनं वतायचे. आज त्येच लोक तुला म्याडम म्हनत्यात. एक बोट बधिर झालं तर झालं. माजी तर सगळी पाठ बधिर हाय."

"मला मॅडम म्हणत्यात आन् हात माझा मागत्यात. स्वतःच्या सुनेला का बसवत नाहीत? लेकीला? पाणी देताना आपला हात लागाय नको होता, आन् ह्या कामाला बरा चालतोय?"

जालिंदरनं तंबाखू थुंकली. घसा खाकरून घेतला. मग, कदाचित भांडण थांबवायचं म्हणून, कदाचित नुसतं तोंडातून गेलं म्हणून, तो पुटपुटला, "पूर्वीचं येपारी कसं, पटलं न्हाई तर सरळ मूठ मिटून हात भायेर काढायचे. आमी लांबनं बघायचो. मूठ मिटून आली की समजायचं, सौदा मोडला. वझं उचलाय नको, घरला जा."

आम्रपालीचा घास हातातच राहिला.

"मूठ," ती म्हणाली.

"व्हय. का?"

तिनं उजवा हात पुढ्यात घेतला आणि मिटून बघितला. अंगठा आणि करंगळी मिटली. तर्जनीच्या जोडीला आता तिच्या शेजारची दोन्हीही गेली होती; मधली तिन्ही बोटं ताठ उभी राहिली, दुसऱ्याच्या घरातल्या माणसांसारखी.

७

हंगामाचा शेवटचा सौदा दादासोंनी स्वतः ठरवला. ती बसणार नाही म्हणते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं, कारण तिनंच सकाळी धैर्यशीलला सांगितलं होतं. धैर्यशीलनं त्यावर 'क्लायंट हॅंडल करायची ही पद्धत नाही' असं काहीतरी म्हटलं आणि दुपार व्हायच्या आत सांगलीला काम काढून गेला.

आतल्या खोलीत ती आली तेव्हा तिथं दादासो खुर्ची टाकून बसले होते, पांढराशुभ्र सदरा, बोटात पुष्कराज. शेजारी नाथाजी दिवाणजी. आणि कोपऱ्यात, टोपी हातात घेऊन, जालिंदर. त्याला बोलावून आणलं होतं. खोलीत येऊनसुद्धा तो बसला नव्हता. दाराशी हरणाबाई उभी होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"ये," दादासो म्हणाले. आवाज खरंच मायेचा होता, तेच वाईट होतं. "बस. तुझ्या बापाला इचार, बहात्तरच्या दुष्काळात ह्या पेढीनं किती चुली पेटत्या ठेवल्या. अवकाळीनं बागा झोपल्या तवा आमी बागाईतदाराचा सडका माल माघारी धाडला न्हाई. कशाच्या जिवावर? ह्या गिऱ्हाइकाच्या. एका हातावर शंबर घरं जगत्यात पोरी."

"एका हातावर नाही, दादासो," ती म्हणाली. "चंद्राबाईच्या, हरणामावशीच्या, आणि आता माझ्या. त्या आधी कुणाच्या, ते तुम्हालाच ठाऊक."

"नियम हाय त्यो. आमी केल्याला न्हाई."

"पण पाळणारे तुम्ही. आणि पाळताना हात आमचा."

"आवं, पोरीला समजवा जरा," दिवाणजी जालिंदरला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला 'आवं' म्हटलं होतं.

जालिंदरनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आमू," तो म्हणाला, "एवडी एक येळ..."

फळ्यांआड काड्या मोडल्या. गिऱ्हाईक येऊन बसलं होतं.

आम्रपाली स्टुलावर बसली. दादासोंनी सुस्कारा सोडला. दिवाणजींनी चष्मा सारखा केला. तिनं उजवा हात उचलला, आणि डाव्या हातानं रुमालाची खालची कड धरून असा हिसका दिला, की वरचे खिळे टणाटण फरशीवर उडाले.

झरोक्यात अंधार होता, आणि अंधाराच्या कडेला, लाकडी कठड्यावर, एक हात. मनगटापर्यंत. पंजा उघडा, उताणा, सौद्याची वाट बघणारा. तर्जनीच्या बुडाशी व्रण, टोकाला दोन फाटे. आणि बोटांच्या टोकांवर निळी शाई. त्या सकाळी शिरवळच्या पत्राची नक्कल करताना कार्बन पेपर आम्रपालीच्या बोटांना लागला होता.

तिनं स्वतःचा हात वळवून बघितला. बोटं स्वच्छ होती.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी "झाक, झाक ते" म्हणालं. कठड्यावरची बोटं किंचित हलली, तिच्या बोटांना बोलवावं तशी, आणि तिचा उजवा हात, तिनं न सांगता, पुढं जायला लागला.

आम्रपालीनं डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं. मग तर्जनी धरली आणि दुमडली. ती दुमडेना, तिनं जोर लावला. सांधा कडकन वाजला, आणि त्या आवाजाबरोबर एक कळ आली, पार कोपरापर्यंत. आज कित्येक दिवसांनी त्या बोटात दुखलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं, आनंदानं. मग मधलं बोट. मग त्याच्या शेजारचं. एकेक करून तिनं ती आत दाबली, त्यावर अंगठा बसवला, आणि ती मूठ झरोक्यासमोर धरली.

"न्हाई," ती म्हणाली. कॉलेजातलं 'नाही' नव्हे. रानातलं, घरातलं, आजीच्या तोंडचं न्हाई. "सौदा मोडला. माझ्याबरोबर नाही, आणि माझ्यानंतर आणाल तिच्याबरोबरही नाही. न्हाई."

कठड्यावरचा पंजा तसाच उघडा होता. तो गेला नाही, मिटला नाही. फक्त हळूहळू तिच्यावरून वळला, खोलीतल्या बाकीच्यांच्या दिशेनं.

आम्रपाली उठली. स्टूल तिनं पायानं दादासोंकडं सरकवलं.

"गिऱ्हाईक तुमचं आहे, दादासो. पणजोबांपासूनचं रिलेशन आहे. तुम्ही बसा. नाहीतर दिवाणजी, तुम्ही बसा. शंभर घरांचा प्रश्न आहे. कोण घालतंय हात?"

दादासोंचा पुष्कराजाचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. नाथाजींनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. जालिंदरची टोपी खाली पडली होती, ती उचलायला तो वाकला नाही. तो लेकीच्या मुठीकडं बघत होता. दाराशी हरणाबाईनं पदर बाजूला केला होता आणि डाव्या हातानं ती उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटू बघत होती.

"बोला की," आम्रपाली म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हीच बोलत आलाय."

फळ्यांआड पुन्हा एकदा काड्या मोडल्या, जवळून. आम्रपाली मूठ मिटून उभी राहिली.